४१८ हर्ट्झचे ३७१ झाले: गोव्यातल्या एका क्यूबसॅट इंटर्नशिपचं प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. त्यातलं महाविद्यालय, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी यांना नावं दिलेली नाहीत. चाचणीच्या पातळ्या, साहित्य आणि बिघाडाची कारणं मात्र छोट्या उपग्रहांच्या कामात नेहमी भेटतात तीच आहेत.

काम काय होतं

गोव्यातलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय. तिसरं वर्ष संपवलेले सहा विद्यार्थी: मेकॅनिकलचे दोन, ई अँड टीसीचे दोन, इलेक्ट्रिकलचा एक, कॉम्प्युटरची एक. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आठ आठवड्यांची इंटर्नशिप. समोर १यू आकाराचा क्यूबसॅट, म्हणजे ठरलेल्या मापाचा छोटा, पेटीसारखा उपग्रह होता. तो आधीच्या दोन तुकड्यांनी जोडलेला आणि उडवण्यासाठी नव्हे, चाचण्यांसाठीच केलेला, म्हणजे ज्याला अभियांत्रिकी नमुना म्हणतात तो. वजन १,१८० ग्रॅम.

क्यूबसॅटचं माप १९९९ मध्ये कॅल पॉलीचे जोर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी ठरवलं. १यू म्हणजे १०० × १०० × ११३.५ मिमीची पेटी. चार कोपऱ्यांना किमान साडेआठ मिमी रुंदीच्या पट्ट्या, म्हणजे रेल. त्या हार्ड अ‍ॅनोडाइज केलेल्याच (ऑक्साइडचा कडक थर चढवलेल्याच) हव्यात, कारण उपग्रह याच पट्ट्यांवरून सरकत डिप्लॉयरच्या, म्हणजे उपग्रहाला कक्षेत सोडणाऱ्या साधनाच्या, पेटीतून बाहेर पडतो आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम अवकाशात अ‍ॅल्युमिनियमलाच चिकटून बसू शकतं. वजनाची मर्यादा बराच काळ १.३३ किलो होती, पुढच्या आवृत्तीत ती २ किलो झाली.

आठ आठवड्यांत उपग्रह बनवून दाखवू, असं सांगणारी इंटर्नशिप बहुधा पोस्टर बनवून संपते. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ वरून. दोन्हींच्या मागे विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या आणि कित्येक वर्षं होती. म्हणून इथे मार्गदर्शकांनी कामाचा एकच तुकडा कापून दिला: तयार नमुना घ्या, त्याची कंपन चाचणी आणि थर्मोव्हॅक (निर्वातात तापवून-थंड करून बघण्याची) चाचणी करा, आणि जे दिसेल ते असं लिहून ठेवा की पुढच्या तुकडीला तुम्हाला फोन करावा लागू नये.

पहिले तीन आठवडे

हा भाग कंटाळवाणा असतो आणि विद्यार्थी तो उरकू पाहतात. टेबलावर ईएसडी मॅट, म्हणजे स्थिर वीज उतरवणारी चटई, मनगटाला १ मेगाओमची पट्टी, पट्टी रोज सकाळी तपासायची आणि वहीत सही करायची. ‘पावसात कुठली आलीय स्थिर वीज?’ हा प्रश्न गोव्यात दरवर्षी येतो. बाहेर ८५ ते ९० टक्के आर्द्रता असते हे खरं, पण जोडणीच्या खोलीत एसी आणि डीह्युमिडिफायर लावून ती ४५ ते ५० टक्क्यांवर आणलेली असते. बाहेरच्या हवेचा विचार करून पट्टी काढणारा आत येऊन सर्किट जाळतो.

ओलाव्याचं खरं काम वेगळीकडे असतं. छापील सर्किटाचा एफआर-४ पट्टा हवेतून पाणी पितो. एमएसएल ३ या ओलावा-संवेदनशीलतेच्या दर्जाची चिप पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासच चालते. त्यानंतर भाजल्याशिवाय रीफ्लो केली, म्हणजे तापवून सोल्डर केली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटू शकते. म्हणून पाकीट उघडल्याची तारीख आणि वेळ पाकिटावरच मार्करने लिहायची.

मग मापं. रेल ते रेल अंतर १०० मिमी, फरक ०.१ मिमीच्या आत. गुरुत्वमध्य भौमितिक केंद्रापासून २ सेंटीमीटरच्या आत. तो काढायला तीन टेकूंचा सोपा सांगाडा आणि तीन वजनकाटे पुरतात. यात दोन दिवस गेले, कारण एक काटा तळाच्या फरशीच्या उतारामुळे ७ ग्रॅम जास्त दाखवत होता.

तिसऱ्या आठवड्यात जोडणीची कार्यपद्धत लिहिली गेली आणि प्रकरणाचं बीज तिथेच पडलं. नमुन्यात ९६ × ९० मिमीचे पाच सर्किट बोर्ड एकावर एक रचलेले होते. मध्ये अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर, वरून चार आणि खालून चार एम३ स्टेनलेस स्क्रू. कार्यपद्धतीतली ओळ अशी होती: ‘स्क्रूच्या आट्यांना थ्रेडलॉकर लावा, ०.८ न्यूटन-मीटरने आवळा.’ थ्रेडलॉकर म्हणजे स्क्रू फिरू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद. ओळ वाचायला निर्दोष. किती वेळ सुकू द्यायचं, प्रायमर (गोंद धरायला मदत करणारं द्रावण) लावायचा की नाही, स्क्रू आधी धुवायचे की नाही, यातलं काहीच नव्हतं.

प्रवास आणि आदल्या रात्रीची दुरुस्ती

२,००० हर्ट्झपर्यंत जाणारा शेकर, म्हणजे कंपन देणारं यंत्र, महाविद्यालयात नव्हता. पुण्यातल्या एका व्यावसायिक प्रयोगशाळेत दुपारी साडेतीन ते साडेसात असा चार तासांचा स्लॉट मिळाला. चोर्ला घाटाने बेळगाव, कोल्हापूर करत साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. नमुना वाहक फोमच्या साच्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह कडक पेटीत ठेवला. सोबत धक्का आणि आर्द्रता नोंदवणारा लॉगर. पेटी डिकीत न ठेवता मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली.

निघायच्या आदल्या रात्री शेवटच्या विद्युत तपासणीत वीजपुरवठ्याच्या बोर्डवरचा एक कनेक्टर सैल निघाला. वरची प्लेट काढली, बोर्ड बदलला, वरचे चार स्क्रू नव्या पाकिटातून घेऊन परत लावले. थ्रेडलॉकर लावला, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने ०.८ वर आवळले. रात्रीचे साडेनऊ झाले होते. पहाटे चारला गाडी निघाली. बाहेरच्या चौकटीच्या स्क्रूंवर डोकं आणि प्लेट यांना जोडणारी पिवळ्या रंगाची साक्षखूण ओढलेली होती. हे आतले चार प्लेटच्या खोबणीत असल्याने दिसत नव्हते. त्यांच्यावर कुणी खूण ओढली नाही.

शेकरवर

चाचणीचा क्रम तीन अक्षांना सारखाच: आधी कमी पातळीचा साइन स्वीप (एकेक वारंवारता क्रमाने चढवत नेणारं कंपन), मग रँडम (सगळ्या वारंवारता एकदम असलेलं) कंपन, मग पुन्हा तोच स्वीप. स्वीप ०.२५ जी, ५ ते २,००० हर्ट्झ, मिनिटाला दोन ऑक्टेव्ह (एक ऑक्टेव्ह म्हणजे वारंवारता दुप्पट). साडेआठ ऑक्टेव्हहून थोडं जास्त अंतर असल्याने एका स्वीपला सव्वाचार मिनिटं लागतात. त्याचा उद्देश नमुन्याला त्रास देणं हा नसतो. रँडमच्या आधी आणि नंतर नमुन्याची बोटांचे ठसे घेतल्यासारखी ओळख नोंदवणं एवढाच असतो.

रँडमसाठी नासाच्या गोडार्ड केंद्राच्या जीईव्हीएस मानकातली पातळी धरली होती: ५० ते ८०० हर्ट्झमध्ये ०.१६ जी-वर्ग प्रति हर्ट्झ, २० आणि २,००० ला उतरून ०.०२६, एकूण १४.१ जी आरएमएस. प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी प्रक्षेपकाकडून कळवलेली पातळीच धरायची असते. ती ठरलेली नसेल तेव्हा सुरक्षित बाजूने हीच वापरतात. एकदम पूर्ण पातळीवर जायचं नाही: उणे १२ डेसिबल, म्हणजे साडेतीन जी, मग उणे ६, म्हणजे सात जी, मग उणे ३, आणि शेवटी पूर्ण पातळीवर ६० सेकंद.

फिक्स्चर म्हणजे नमुना धरणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. त्याची स्वतःची पहिली वारंवारता २,००० हर्ट्झच्या वर हवी, नाहीतर आपण उपग्रह तपासतोय की ठोकळा, ते कळत नाही. रिकाम्या फिक्स्चरचा स्वीप सुरुवातीलाच काढून ठेवला होता. पुढे तो फार कामी आला.

एक्स अक्षाच्या पहिल्या स्वीपमध्ये ४१८ हर्ट्झला ठळक शिखर दिसलं. बोर्डांचा थर एक्स दिशेला डोलण्याची ही वारंवारता. संगणकावरच्या मॉडेलने ४३० सांगितली होती, म्हणजे जवळपास जुळलं. शिखराची वाढ २२ पट.

रँडम झालं. नमुना चालू होता, टेलिमेट्री येत होती, बाहेरून काही हललेलं दिसत नव्हतं. दुसरा स्वीप: शिखर ३७१ हर्ट्झला, वाढ १४ पट.

फरक ४७ हर्ट्झ, सव्वाअकरा टक्के. कार्यपद्धतीत मर्यादा ५ टक्के लिहिलेली होती. शेकर चालवणारे तंत्रज्ञ अनुभवी होते. त्यांनी घड्याळाकडे बघून विचारलं, “सर, स्लॉटचे अजून दोन तास आहेत. वाय घेऊन टाकायचा का? सॅटेलाइट तर चालूच आहे.”

त्यांचा प्रश्न रास्त होता, स्लॉटचे पैसे तासावर असतात. पण ‘चालू आहे’ आणि ‘तसाच आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी. काहीतरी ढिलं झालेला नमुना पुढच्या अक्षावर चढवला तर सैल भाग आणखी झिजतो, आणि मूळ कारणाचा माग पुसला जातो. वाय अक्ष घेतला नाही.

शोध

इथे मार्गदर्शकांनी एक चांगली गोष्ट केली: पाना कुणाच्याही हातात दिला नाही. आधी सहाही जणांनी आपापला अंदाज आणि तो खोटा ठरवणारी तपासणी कागदावर लिहायची. तीन अंदाज पुढे आले.

पहिला, चौकटीला तडा गेला. दुसरा, सेन्सर हलला. तिसरा, फिक्स्चरची पकड ढिली झाली. कॉम्प्युटरच्या विद्यार्थिनीने चौथीच गोष्ट लिहिली, आणि तो अंदाज नव्हता, गणित होतं. वारंवारता ताठपणाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते. ३७१ भागिले ४१८, त्याचा वर्ग ०.७९. म्हणजे वस्तुमान तेच असेल तर त्या दिशेचा ताठपणा २१ टक्क्यांनी उतरलाय. आणि शिखराची वाढ २२ वरून १४ वर आलीय, म्हणजे डॅम्पिंग (कंपन विरून जाणं) वाढलंय. कुठेतरी पृष्ठभाग एकमेकांवर घासू लागले की असं होतं. तड्याने ताठपणा उतरतो, पण घर्षण सहसा एवढं वाढत नाही. तिचा रोख ढिल्या जोडावर होता.

मग क्रमाने, स्वस्त तपासणीपासून महागड्याकडे. काहीही न हलवता स्वीप पुन्हा काढला: ३७०. म्हणजे मोजण्यातला योगायोग नव्हे. वरच्या प्लेटवरचा दुसरा सेन्सर पाहिला, त्यातही शिखर तिथेच सरकलेलं. दोन सेन्सर एकाच वेळी सारखेच सुटत नाहीत. नमुना उतरवून रिकाम्या फिक्स्चरचा स्वीप काढला, तो सुरुवातीच्या आलेखावर रेघेला रेघ बसला. रेलच्या पकडपट्ट्यांचा टॉर्क बरोबर. भिंगाने चौकट पाहिली, तडा नाही. पिवळ्या साक्षखुणा सगळ्या अखंड.

उरले साक्षखूण नसलेले चार स्क्रू.

ते उघडताना सोडण्याच्या दिशेने किती बळ लागतं ते टॉर्क स्क्रूड्रायव्हरवर वाचायचं आणि लगेच लिहायचं, नाहीतर पुरावा हातून जातो. पहिला ०.६ ला सुटला. दुसरा ०.३ ला. तिसरा आणि चौथा, काटा जेमतेम हलला तोवर फिरू लागले. एक विद्यार्थिनी चौथा स्क्रू चिमट्यात धरून दिव्याकडे नेत म्हणाली, “सर, हे ओलं आहे.”

आट्यांमध्ये थ्रेडलॉकर तसाच द्रव होता, जांभळट चकाकणारा. लावून अठरा तास होऊन गेले होते.

का सुकलं नाही

परतीच्या गाडीत पहिला आरोप अपेक्षेप्रमाणे गोव्याच्या हवेवर झाला. पावसात काहीच सुकत नाही, हे गोव्यात कपड्यांपासून पापडांपर्यंत सगळ्यांना लागू असल्यामुळे थ्रेडलॉकरलाही लावून टाकलं गेलं. ते चूक होतं, आणि चूक का ते समजणं हाच या इंटर्नशिपचा सर्वांत कामाचा तास ठरला.

थ्रेडलॉकर ‘वाळत’ नाही. तो अ‍ॅनारोबिक आहे: हवा तुटली आणि धातूच्या आयनांचा स्पर्श झाला की घट्ट होतो. ओलाव्याशी त्याचा संबंध नाही. ओलाव्याने घट्ट होतं ते सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे सेन्सर चिकटवायला वापरतात ते झटपट चिकटणारं. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाटल्या ‘चिकटवायचं’ या एकाच खणात ठेवल्या होत्या आणि डोक्यातही एकाच खणात.

तांबं, पितळ, साधं पोलाद हे धातू सक्रिय. त्यांच्यावर थ्रेडलॉकर लवकर धरतो. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम दोन्ही निष्क्रिय. इथे स्क्रू स्टेनलेसचा आणि आटे अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे दोन्हीकडून आयन देणारं कुणी नाही. अशा जोडीला प्रायमर लागतो, किंवा कितीतरी जास्त वेळ. भरीला स्क्रू नव्या पाकिटातले, कारखान्याच्या तेलाचा हात तसाच, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) न पुसलेले. आणि जोवर थ्रेडलॉकर द्रव आहे तोवर तो वंगणासारखा वागतो. कंपनाने आट्यांना आडवे झटके बसले की असा स्क्रू सहज मागे फिरतो.

मग खालचे चार स्क्रू का टिकले? तेही तशाच धातूचे होते. पण ते दहा दिवस आधी लावलेले होते, त्यांना वेळ मिळाला होता. थोडक्यात, कार्यपद्धतीतली उणीव पहिल्यापासून होती आणि वेळापत्रकातल्या सैलपणाने ती झाकली जात होती. आदल्या रात्रीच्या दुरुस्तीने तो सैलपणा काढून घेतला.

महाविद्यालयात परतल्यावर हे नुसतं मान्य न करता नमुने करून पाहिलं. तीन गट, प्रत्येकी पाच स्क्रू: स्टेनलेस अ‍ॅनोडाइज्डमध्ये प्रायमरशिवाय, तेच प्रायमरसह, आणि साधं पोलाद पितळी नटमध्ये. सगळे आयपीएने धुतलेले, म्हणजे तेलाचा मुद्दा वेगळा राहतो. अठरा तासांनी पहिल्या गटातले स्क्रू फारसा जोर न लावता फिरले. बाकी दोन्ही गटांनी दाद दिली नाही.

अपयशनोंदीत, म्हणजे एनसीआरमध्ये, विद्यार्थ्यांनी पहिल्या मसुद्यात कारण लिहिलं होतं: ‘थ्रेडलॉकर न सुकल्याने स्क्रू ढिले झाले.’ मार्गदर्शकांनी तो परत केला. हे कारण नव्हे, हा बिघाडाचा प्रकार आहे. कारणाच्या रकान्यात अखेर तीन गोष्टी गेल्या: कार्यपद्धतीत प्रायमर आणि थांबण्याचा वेळ नव्हता, दुरुस्तीनंतर जोडणीची कुठली पायरी पुन्हा करायची याचा नियम नव्हता, आणि आवळणारा व तपासणारा एकच विद्यार्थी होता, दोन्ही सह्या त्याच्याच. तिसरी ओळ लिहिताना सगळ्यांचे चेहरे पडले होते. पण ती ओळ नसती तर पुढच्या वर्षी हेच दुसऱ्या स्क्रूवर घडलं असतं.

पुन्हा पुणे

दुरुस्त कार्यपद्धत अशी: स्क्रू आणि आटे आयपीएने पुसा, दोन्हींना प्रायमर लावून तो उडू द्या, थ्रेडलॉकर पुढच्या तीन-चार आट्यांनाच, थेंबभर, ०.८ वर आवळा, दुसऱ्या व्यक्तीने वाचन मोठ्याने म्हणायचं, साक्षखूण ओढा, फोटो काढा, ७२ तास हात लावू नका. ७२ तास हा आकडा सावध आहे. प्रायमरसह २४ तास पुरले असते, पण वेळापत्रकात जागा होती. खोबणीतल्या स्क्रूंना साक्षखूण ओढायला इंजेक्शनच्या बोथट सुईतून रंग सोडला.

दुसऱ्या खेपेला एक्स अक्ष: आधी ४२१, नंतर ४१७ हर्ट्झ. एक टक्क्याच्या आत. वाय आणि झेड त्याच दिवशी पार पडले. प्रत्येक अक्षानंतर संपूर्ण विद्युत तपासणी, फक्त दिवा लागतो का एवढी नाही. अभियांत्रिकी नमुन्याला एक्स अक्षावर एकूण दोनदा पूर्ण पातळी बसली हेही नोंदवलं. प्रत्यक्ष उडणाऱ्या उपग्रहावर अशी दुसरी खेप घ्यायची का, हा बसून ठरवायचा प्रश्न असतो, कारण सोल्डरचे जोड प्रत्येक खेपेला थकतात.

याच खेपेत एक जोडप्रकरण निघालं. १,२०० हर्ट्झच्या पुढे आलेखात गवतासारखी खरखर होती आणि वरच्या पॅनलवर करडा ओरखडा. अँटेना मोजपट्टीच्या स्टीलची, घडी करून दोरीने बांधलेली. कक्षेत गेल्यावर निक्रोमची तार तापून ती दोरी कापते. दोरी साधी मासे गरवायची तंगूस होती, नायलॉनची. ४५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ताणून बांधलेली, मग पावसाळी हवेत आलेली. नायलॉन पाणी पिऊन किंचित लांबतो आणि मऊ पडतो, गाठ सैलावते, अँटेनाचं टोक पॅनलवर आपटतं. इथे मात्र दोष खरोखरच ओलाव्याचा होता! तंगूस काढून डायनीमाची विणलेली दोरी घेतली. ती पाणी पीत नाही आणि नायलॉन ६ च्या सुमारे २२० अंशांऐवजी १४५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे तारेला कमी वीज लागते. पण ती ताणाखाली हळूहळू लांबत जाते आणि तिच्यावर साधी गाठ घसरते. म्हणून बांधण्याआधी रात्रभर वजन टांगून ठेवायची आणि गाठीला इपॉक्सीचा थेंब.

थर्मोव्हॅक, थोडक्यात

निर्वात कक्ष महाविद्यालयातच होता, लहान, टर्बो पंपाचा. पातळी ०.००००१ मिलीबार, बोर्डांसाठी उणे १५ ते अधिक ५० अंश, चार फेऱ्या. प्रत्येक टोकाला दोन तास थांबायचं; आणि तो वेळ तापमान तासाला ३ अंशांपेक्षा कमी बदलू लागल्यावरच मोजायला घ्यायचा. लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्ज करायचे नाहीत, नाहीतर अ‍ॅनोडवर धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बाद होतो. त्यामुळे थंड टोकाला बॅटरीचा हीटर चालू की नाही हे पाहणं म्हणजेच अर्धी चाचणी. एका फेरीला नऊ तासांच्या आसपास, चार फेऱ्यांना दीड दिवस. विद्यार्थ्यांनी चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या.

तीन गोष्टी सांगण्यासारख्या.

हवा काढायला तीन तास धरले होते, नऊ लागले. एफआर-४, केबलची आवरणं आणि कॅप्टॉन या प्लॅस्टिकची पट्टी, सगळ्यांनी जूनमध्ये पोटभर पाणी प्यायलं होतं आणि ते आता सावकाश सोडत होतं. दुसऱ्या वेळी नमुना आधी ६० अंशांवर सहा तास निर्वातात भाजून घेतला, मग वेळापत्रक जुळलं. हवा उतरत असताना १० ते ०.०१ मिलीबारच्या पट्ट्यात ट्रान्समीटर बंद ठेवायचा. त्या दाबाला हवा सहज आयनित होते आणि अँटेनाच्या टोकाशी कोरोना पेटून ट्रान्समीटर जळतो. पंप सावकाश चालला की हा धोक्याचा पट्टाही लांबतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात नव्हतं.

दुसरी, वीज. दुसऱ्या रात्री वादळात पुरवठा गेला. यूपीएसवर संगणक होता, पंप नव्हता. रोटरी पंप बंद पडला की त्याच्या तेलाची वाफ मागे कक्षात शिरते आणि सौरपट्ट्यांवर बसते. वीज जाताच आपोआप मिटणारी झडप होती म्हणून निभावलं. यादीत ‘झडप मिटते का, तपासा’ ही ओळ नव्हती. ती आता पहिली आहे.

तिसरी, दार उघडणं. शेवटची फेरी थंड टोकाला संपवून नमुना १८ अंशांवर आला तेव्हा पाळीवरच्या विद्यार्थ्याने झडप उघडायला हात घातला. त्या दिवशी बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता होती, दवबिंदू २६ च्या आसपास. १८ अंशांच्या सर्किटावर ती हवा सोडणं म्हणजे फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवणं. पाळीवरच्या दुसऱ्याने त्याला थांबवलं, कारण त्याने सकाळीच दवबिंदूचा तक्ता दारावर चिकटवला होता. कक्ष कोरड्या नायट्रोजनने भरला, नमुना ३५ अंशांवर नेला आणि मग दार उघडलं.

गुण आणि पुढचं काम

गुणांकन करताना चाचणी उत्तीर्ण झाली का याला शून्य वजन दिलं होतं. नोंदवही ३०, एनसीआर ३०, दुरुस्त कार्यपद्धत २५, तोंडी १५. तोंडीत एकच कसोटी: आपलं नसलेलं काम समजावून सांगायचं. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला बॅटरीबद्दल विचारलं, इलेक्ट्रिकलच्याला फिक्स्चरबद्दल.

या नमुन्यातलं प्रायोगिक उपकरण पुढे स्वतंत्र उपग्रह म्हणून पाठवण्याऐवजी पीओईएमवर न्यावं, असा विचार चालू आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा मुख्य काम संपल्यावर कक्षेतच राहतो, त्यावरच उपकरणं बसवण्याची ही सोय आहे. पीएसएलव्ही-सी५३ च्या ३० जून २०२२ च्या मोहिमेत पीओईएमचा पहिला वापर झाला आणि ३० डिसेंबर २०२४ च्या सी६० वर पीओईएम-४ ने २४ उपकरणं नेली. तिथे डिप्लॉयर लागत नाही, अँटेनाची दोरीही लागत नाही. पण स्क्रू लागतातच, आणि कंपन चाचणी चुकत नाही.

पुढच्या तुकडीसाठी तीन बाबी उघड्या ठेवल्या आहेत. बॅटरी हीटरचा थर्मोस्टॅट थंड टोकाला दोनदा उशिरा लागला, कारण सापडलेलं नाही. डायनीमाची दोरी बांधल्यावर तीस दिवसांनी किती सैल होते याची मोजणी सुरू आहे, पहिलं वाचन ऑगस्टमध्ये. आणि खालचे चार स्क्रू, जे टिकले, ते अजून प्रायमरशिवायच आहेत. ते उघडून पुन्हा लावायचे की राहू द्यायचे, यावर दोन मतं आहेत आणि फाइलमध्ये दोन्ही नोंदवली आहेत.